अंगणातली कुत्र्याची छत्री
कुत्र्याची छत्री म्हणजे मातीत पसरलेल्या बुरशीचे फळ. सोलापूरच्या कोरड्या हवेत या बुरशीचे तंतू महिनोन्महिने शेणखतात, कुजक्या लाकडात दडून राहतात. सप्टेंबरच्या दमदार पावसानंतर बागेत रातोरात छत्र्या उभ्या राहतात. झाडांना त्यांचा अपाय क्वचितच होतो. उलट पालापाचोळा कुजून मातीचा कस वाढतो. हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्री मात्र विषारी असते. पुढे तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते. ती खाल्ल्यास काही तासांत जोराच्या उलट्या, जुलाब सुरू होतात. चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे अळंबी निर्धोक, हा समज साफ खोटा आणि घातक आहे. शिजवल्यानेही अनेक विषे नाहीशी होत नाहीत.