पोलिओग्रस्तांचे उत्तरायुष्य आणि गावाची साथ



१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला पोलिओची बाधा झाल्याची नोंद झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूची आपल्या देशातील ती अखेरची नोंद ठरली. त्यानंतर २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. अवघ्या काही वर्षांपूर्वी, २००९ साली, भारतात ७४१ रुग्ण आढळले होते आणि ते त्या वर्षीच्या जगातील रुग्णसंख्येच्या जवळजवळ निम्मे होते. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे या यशाचे मोल कळते. १९९५ पासून देशभर राबविलेल्या पल्स पोलिओ मोहिमेत नदीनाले ओलांडून लसीची पेटी पोहोचविणाऱ्या आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांचा या यशात मोठा वाटा आहे.

नवे रुग्ण होण्याचे थांबले. परंतु त्यापूर्वी ज्यांना हा रोग होऊन गेला, ते स्त्रीपुरुष आज आपल्यात आहेत. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हाताने गुडघा दाबून चालणारा, बांबूच्या काठीवर भार देणारा किंवा दोन्ही हातांवर सरपटत पुढे जाणारा माणूस आठवडी बाजारात, रेशनच्या दुकानापाशी, तेंदूपत्त्याच्या फळीवर दिसतो. यांतील बहुतेकांचे वय आज तीस ते पासष्टच्या दरम्यान आहे. आयुष्याच्या या टप्प्यावर त्यांच्यापुढे एक नवे संकट उभे राहते आणि त्याची ओळख ना त्यांना असते, ना त्यांच्या गावाला.

दुसऱ्यांदा येणारी दुर्बलता

पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतील, स्नायूंना हालविणाऱ्या चेतापेशींवर आघात करतो. ज्या पेशी मरतात, त्यांच्या ताब्यातील स्नायुतंतू निराधार होतात. अशा वेळी वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून या निराधार तंतूंचा भार स्वतःवर घेतात. मूल पुन्हा उभे राहते, चालू लागते ते यामुळेच. परंतु एकेका पेशीने अनेक पेशींचे काम वर्षानुवर्षे केल्यामुळे त्या थकतात आणि फुटलेले फाटे गळून पडू लागतात. मूळ आजारानंतर साधारणपणे १५ ते ४० वर्षांनी हे घडते. त्यालाच वैद्यकशास्त्रात पोलिओपश्चात विकार असे म्हणतात. १८७५ मध्येच फ्रान्समधील वैद्यकांनी अशा रुग्णाची नोंद केली होती. पोलिओ होऊन गेलेल्या दर शंभरांपैकी २५ ते ४० जणांना हा त्रास होतो, असा अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे.

याची लक्षणे हळूहळू वाढत जातात. सकाळी बरे वाटते. दुपारपर्यंत अंगातील बळ संपते. पूर्वी धड असलेला पायही लटपटू लागतो. काठी किंवा कुबडी धरणारा खांदा दुखतो. थंडी सोसत नाही. काहींना गिळताना ठसका लागतो, तर काहींना रात्री श्वास अपुरा पडतो. हा विकार संसर्गजन्य नाही. विषाणू परत आल्याचे ते लक्षण नव्हे. यात कोणाच्या कर्माचा किंवा करणीचा संबंध नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘ताप आला, सुई टोचली आणि पाय गेला’ असे अनेक घरांत सांगितले जाते. या अनुभवात तथ्य आहे. शरीरात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत सुई टोचली गेल्यास त्या अवयवाला पक्षाघात होण्याची शक्यता वाढते, हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे. मुलाला सुई देणाऱ्या आईबापांनी तो दोष आयुष्यभर स्वतःच्या माथी घेण्याचे मात्र कारण नाही.

निदानातील अडचणी

या विकाराचे निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही. थकव्याची इतर कारणे वगळल्यानंतरच ते करता येते आणि वनभागात ही इतर कारणे पुष्कळ आहेत. येथे सिकलसेलचा आजार आहे, हिवताप आहे, रक्तक्षय आहे. सिकलसेलमध्येही अंग दुखते आणि दम लागतो. म्हणून ‘पोलिओचेच दुखणे’ असे समजून घरी बसणे जितके घातक, तितकेच ‘अशक्तपणा आहे’ असे म्हणून केवळ सलाईन लावून घेणे निरुपयोगी.

या परिसरात कुष्ठरोगाची ओळख जुनी असल्यामुळे दुबळा पाय पाहून काही लोक त्याचा संबंध कुष्ठरोगाशी जोडतात. कुष्ठरोगात अवयवाला बधिरता येते. पोलिओत स्पर्शाची व वेदनेची जाणीव शाबूत राहते. हा फरक आशा कार्यकर्तीला आणि गावकऱ्यांना माहीत असला, तर अनेक गैरसमज टळतील. पोलिओग्रस्ताने आणखी एक काळजी घ्यावी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याला लहानपणी पोलिओ झाला होता, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण अशा रुग्णांवर भुलीच्या औषधांचा परिणाम अधिक होऊ शकतो.

जिद्दीला विश्रांतीची जोड

या विकाराचा विषाणूनाशक असा काही उपाय नाही. शक्ती जपून वापरणे हाच मुख्य उपचार आहे. थकवा येण्यापूर्वी थांबावे, उभ्याने करावयाचे काम बसून करावे, कॅलिपर किंवा काठी वेळेवर बदलावी, वजन वाढू देऊ नये आणि व्यायाम स्नायू दुखणार नाहीत इतपतच करावा. सांगावयास हे सोपे आहे. परंतु पोलिओग्रस्ताला बालपणापासून जी शिकवण मिळालेली असते, ती नेमकी याच्या उलट असते. ‘जिद्द ठेव, इतरांपेक्षा जास्त काम कर, कोणावर भार होऊ नकोस’ असे त्याला सांगण्यात आले. त्याच बळावर त्याने संसार उभा केला. आता थांबावयास सांगितले की त्याला तो पराभव वाटतो.

अविवाहित राहून भावाच्या घरी आयुष्य काढणाऱ्या पोलिओग्रस्त स्त्रीची स्थिती अधिक बिकट असते. तिचे घरातील स्थान तिच्या कामावर टिकलेले असते. पहाटे मोहफुले वेचणे, पाणी आणणे, धान निवडणे ही कामे तिने सोडली, तर तिच्या ताटातील घासाचा हिशेब होऊ लागण्याची भीती तिला वाटते. डॉक्टरने विश्रांती लिहून दिली तरी ती घेण्याची मुभा तिला घराने आणि गावाने द्यावी लागते. या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

याच चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवनाचे कार्य सुरू झाले. कुष्ठरोग्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत पुढे संधिनिकेतन या संस्थेतून अपंग तरुणांना व्यवसायशिक्षण देण्यात येऊ लागले. आनंदवनाने श्रमाची प्रतिष्ठा शिकविली, हे सर्वश्रुत आहे. तथापि स्वतः बाबांच्या जीवनात दुसराही धडा आहे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य उरले. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर अशा भारत जोडो अभियानात तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. शरीराची मर्यादा मान्य करून आणि सोबत्यांचे साहाय्य घेऊन त्यांनी कार्य चालू ठेवले. त्यात कोणाला कमीपणा दिसला नाही. तीच मोकळीक गावातील सामान्य पोलिओग्रस्तालाही मिळाली पाहिजे.

संघटित अनुभवाचे बळ

आपल्या राज्यात पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पाया एका मातेने घातला. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. त्या कार्याचा भर स्वाभाविकपणे बालकांवर होता. तीच मुले मोठी झाल्यावर काय होते, हा प्रश्न पुढे अमेरिकेत पोलिओग्रस्तांनीच उपस्थित केला. क्लीव्हलँड शहरातील जिनी लॉरी या स्वयंसेविकेने १९५८ मध्ये त्यांच्यासाठी एक पत्रिका सुरू केली होती. दूरदूरचे वाचक त्या पत्रिकेच्या द्वारे परस्परांशी जोडले गेले. नव्याने येणारा थकवा आपल्या एकट्याचा नाही, हे त्यांच्या ध्यानी येऊ लागले. १९८१ मध्ये शिकागो येथे पोलिओग्रस्त व डॉक्टर एकत्र आले आणि १९८४ मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज येथे वैद्यकांची परिषद भरली. रुग्णांनी एकमेकांना आपले अनुभव सांगितले, त्यामुळे शास्त्राला या विकाराची गांभीर्याने दखल घ्यावी लागली.

पत्रिकेचे काम आपल्या भागात आठवडी बाजार करू शकेल. महिन्यातील एका बाजारच्या दिवशी परिसरातील पोलिओग्रस्तांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तासभर एकत्र बसावे. कोणाचा कॅलिपर मोडला, कोणाचा दाखला अडला, कोणाला श्वासाचा त्रास होतो, हे तेथे कळेल. माहिती मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेत हवी. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली आणि वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली, असा हा प्रदेश आहे. चंद्रपूर आकाशवाणी आणि दिवाळीनंतर गावोगाव रंगणारी झाडीपट्टीची नाटके ही प्रचाराची प्रभावी साधने येथे उपलब्ध आहेत.

ग्रामसभेने काय करावे

सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात प्रत्येक गोष्ट रुग्णालयावर सोपवून चालणार नाही. वनहक्क कायद्यामुळे येथील ग्रामसभांना गौण वनोपजावर अधिकार प्राप्त झाला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपल्या बांबूची विक्री स्वतः करू लागले. बांबू आणि तेंदूपत्त्याचे उत्पन्न हाती असलेल्या ग्रामसभांनी त्यातील अल्पसा भाग या कामासाठी राखणे अशक्य नाही.

प्रथम गावातील पोलिओग्रस्तांची यादी करावी आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षी करता येत असलेले कोणते काम आता जमत नाही? आणि ते काम कोण करील? या दोन प्रश्नांतूनच पुष्कळ उपाय सुचतील. पाण्याची घागर शेजारच्या मुलाने आणून द्यावी. रेशनचे धान्य घरपोच व्हावे. तेंदूच्या हंगामात रानात हिंडून पाने तोडण्याचे काम इतरांनी करावे आणि सावलीत बसून पुडे बांधण्याचे व मोजणीचे काम पोलिओग्रस्ताकडे द्यावे. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकण्याऐवजी रोपांच्या जुड्या बांधणे किंवा लहान मुलांना सांभाळणे हे काम त्याला द्यावे आणि ते पूर्ण मजुरीचे मानावे. घराच्या दाराशी बांबूचा कठडा, शौचालयात धरावयास आडवी दांडी आणि बसावयास उंच बैठक एवढी सोय गावातील सुतार एका दिवसात करू शकतो. जिल्ह्याच्या गावी जाण्यासाठी चार गावांनी मिळून महिन्यातून एकदा गाडी केली, तर तपासणी, दाखला आणि साहित्याची दुरुस्ती ही कामे एकाच खेपेत होतील.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश असून सिकलसेलही त्यांत आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पूर्वी कमी टक्केवारीचा दाखला मिळालेल्या पोलिओग्रस्ताची शक्ती आता आणखी घटली असेल, तर त्याने फेरतपासणीची मागणी करावी. १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८१ पासूनची केंद्र शासनाची सहायक साधनांची योजना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची ५ टक्के रक्कम, अशा तरतुदी आहेत. २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण झाला. ज्याला चालता येत नाही, त्याच्या वतीने ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि शिकलेल्या तरुणांनी अर्जाचे काम हाती घेतले, तर या तरतुदी कागदावर राहणार नाहीत.

पोलिओग्रस्तांची ही आपल्याकडील शेवटची मोठी पिढी आहे. लस वेळेवर पोहोचली असती, तर त्यांतील अनेकांचे पाय वाचले असते. ती पोहोचण्याआधीच त्यांचे बालपण सरले. त्यांनी आजवर आपला आणि पुष्कळदा इतरांचाही भार वाहिला. मेलेल्या पेशींचे काम वाचलेल्या पेशी करतात, त्याप्रमाणे आता त्यांच्या श्रमाचा काही भाग गावाने वाटून घ्यावयाचा आहे. एका पेशीवर फार भार पडला म्हणून ती थकली. गावात हात पुष्कळ आहेत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, एवढीच अपेक्षा.