ल्यूपस आणि मातृत्व
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्याच्या या व्यासपीठावर एका रोगाविषयी बोलण्याची अनुज्ञा आपण दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. ‘ल्यूपस’ म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण जुन्या वैद्यांना लांडग्याच्या चाव्यासारखे वाटले. शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते, तो हा विकार. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, आणि त्यांतील बहुसंख्य मूल होण्याच्या वयातील!

एके काळी अशा स्त्रीला गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला मिळे. आज तसे राहिलेले नाही. अमेरिका व कॅनडातील ३८५ गर्भवतींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा रोग शांत होता अथवा फारसा तीव्र नव्हता, अशाच स्त्रिया त्यात होत्या; त्यांपैकी ८१ टक्क्यांचे गर्भारपण मोठ्या गुंतागुंतीवाचून पार पडले. म्हणूनच रोग, विशेषतः मूत्रपिंडाचा दाह, निदान सहा महिने आटोक्यात राहावा आणि मगच दिवस जावेत.

खरी चूक होते ती पुढे. दिवस राहिल्याचे कळताच घरची वडीलधारी मंडळी मायेपोटीच म्हणतात, “आता औषधे नकोत.” आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद होते. वास्तविक हे औषध गर्भारपणात सुरक्षित मानले जाते. ते थांबविल्याने रोग उसळू शकतो, आणि उसळलेला रोगच बाळाच्या जिवावर उठतो. उलट मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे गर्भाला अपाय करतात. ती दिवस राहण्यापूर्वीच बदलून घ्यावी लागतात. कोणते ठेवायचे नि कोणते सोडायचे, हे सासूबाईंनी नव्हे, डॉक्टरांनी ठरवावे.

काहींच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतात. त्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, वारेचे कार्य बिघडते, गर्भ पुनःपुन्हा पडतो. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली या विकाराचे वर्णन केले. त्यापूर्वी किती सुनांनी ‘हिला मूल टिकत नाही’ हे बोल निमूट ऐकले असतील! आज अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शने यांमुळे त्यांतील पुष्कळजणींची कूस भरते.

‘रो’ नावाची प्रतिपिंडे असलेल्या मातांच्या शंभर बाळांत सुमारे दोघांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा निर्माण होतो. म्हणून सोळाव्या आठवड्यानंतर ते ठोके तपासत राहतात.

बाळाला हा रोग होईल का, असे माता हमखास विचारतात. बहुतेक बाळांना होत नाही. आणि अंगावर पाजावे का? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवूनही जरूर पाजावे.