आधी काय, मग काय?



पाया भरल्याशिवाय भिंत उभी राहत नाही. पण भिंत चढत असताना सुतार दारे-खिडक्या करू शकतो. कोणते काम कशावर अवलंबून आहे, हे ओळखणे म्हणजेच नियोजन. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत 1957 च्या सुमारास याच विचारातून ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आकारास आली. आज ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’सारखे संगणक-प्रोग्राम ती वापरतात.

त्यांत कामांचे संबंध चार प्रकारचे असतात. एक संपल्यावर दुसरे सुरू होते, हा नेहमीचा. एक सुरू झाल्यावरच दुसरे सुरू होते, हा दुसरा. एक संपल्यावरच दुसरे संपते, हा तिसरा. चौथा क्वचित आढळतो: रात्रपाळीचा पहारेकरी आला की मगच दिवसपाळीचा सुटतो.

नवशिके मात्र प्रत्येक कामाची तारीख हाताने भरतात, संबंध जोडत नाहीत. मग पाया आठवडाभर लांबला, तरी रंगकाम ठरल्या दिवशीच दिसते! संबंध जोडले, की पुढच्या तारखा आपोआप सरकतात आणि धोका वेळीच कळतो.

आपल्या घरीही हेच घडते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख पाठ असते. पण त्याला लागणारा उत्पन्नाचा दाखला आधी काढायचा, हे सुचत नाही. हुशार मुलीची शिष्यवृत्ती केवळ एका कागदापायी हुकते.

म्हणून आज घरी गेल्यावर शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या, आणि पहिले काम उद्या सकाळीच हाती घ्या.