विणीतलं वेगळं पिल्लू





नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. आज मी बोआवर बोलणार आहे. हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साप, आपल्या मांडुळाचा लांबचा भाऊबंद आणि त्याच्यासारखाच पिल्लं देणारा. अमेरिका-युरोपात त्याची पैदास कित्येक दशकं चालू आहे. बोआच्या फिकट तपकिरी पाठीवर गडद खोगिरं असतात आणि शेपटीकडे ती तांबूस होत जातात. पण एखाद्या विणीत पंचवीस भावंडांमध्ये एक पिल्लू असं निघतं की खोगिरं एकमेकांत मिसळून पाठभर सलग पट्टा झालेला असतो, किंवा काळा रंगच गायब असतो. मालकाचे डोळे चमकतात. नवीन म्युटेशन!

मला म्हणायचंय ते इथेच. वेगळं दिसणं म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. गाभण मादी ऊब घेऊन पोटातली पिल्लं वाढवते. त्या काळात तापमानाचं गणित बिघडलं तरी पिल्लांच्या अंगावरची नक्षी विस्कटू शकते. असं पिल्लू मोठं करून त्याची वीण घेतली की पुढची पिल्लं अगदी साधी निघतात. बोआची मादी वयात यायलाच तीन-चार वर्षं लागतात, म्हणजे उत्तर मिळायला तेवढा धीर हवा. बाजाराला तो नसतो. पिल्लाची पहिली कात पडायच्या आत त्याचं बारसं होतं आणि भावही ठरतो.

अल्बिनोचं उदाहरण घ्या. हा गुण अप्रभावी, म्हणून दोन वाहकांच्या विणीत सरासरी चौथा हिस्सा पिल्लं अल्बिनो निघतात. उरलेल्या साध्या दिसणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश वाहक असतात, पण कोणती ते नजरेला कळत नाही. म्हणून ती ‘६६ टक्के हेट’ (हेट म्हणजे वाहक) या नावाने विकली जातात. पिल्लू एक तर वाहक असतं किंवा नसतं. ६६ टक्के असते ती विकणाऱ्याची खात्री! त्यातही ‘काल’ आणि ‘शार्प’ या नावांचे अल्बिनोचे दोन वेगळे वंश. दोन्हीकडचे पिवळे-पांढरे साप एकत्र आणले तर सगळी पिल्लं साध्या रंगाची निघतात, कारण बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे. डोळ्यांना सारखं दिसणारं रक्तात सारखं नव्हतं, हे विणीनेच दाखवून दिलं.

याहून मोठी गोष्ट एका कॅरॅमल रंगाच्या मादीची. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या वॉरन बूथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. या मादीला दोन विणींत मिळून २२ पिल्लं झाली. सगळ्या माद्या, आणि सगळ्या आईसारख्याच कॅरॅमल. हा रंगही अप्रभावी. नर वाहक नसेल तर त्या रंगाचं एकही पिल्लू निघायला नको. जनुकीय तपासणी केली तर नराचा अंशही सापडला नाही. मादीजवळ नर असूनही तिने अनिषेकजननाने, म्हणजे नराच्या बीजाशिवाय, पिल्लं दिली होती. लिंगगुणसूत्रांवरून त्या वेळी काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. सगळ्या सापांत झेडडब्ल्यू पद्धत (मादीत दोन वेगळी लिंगगुणसूत्रं) असते या जुन्या समजुतीवर तो उभा होता, आणि २०१७ मध्ये बोआत एक्सवाय पद्धत (नरात दोन वेगळी, मादीत सारखी) असल्याचं सिद्ध झालं. आईच एक्सएक्स, तेव्हा सगळ्या मुली होणं ओघानंच आलं. निष्कर्ष फिरला, पण पिल्लांची नोंद जशीच्या तशी कामी आली. मादी कोणती, शेजारी नर कोण, पिल्लं किती, रंग काय, हे माहीत नसतं तर त्या २२ पिल्लांकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं.

रंगाच्या हौसेची किंमत साप मोजतात, हेही सांगायला हवं. बॉल पायथन या अजगरातल्या ‘स्पायडर’ नक्षीसोबत मान डुलण्याचा, तोल जाण्याचा दोष येतो. बोआतल्या ‘मोटली’ नक्षीचं जनुक आई-बाप दोघांकडून मिळालेली पिल्लं बहुधा अल्पायुषी ठरतात, असा पैदासकारांचाच अनुभव आहे. हे ठाऊक असून अशा जोड्या लावणं मला मुळीच मान्य नाही.

हे सगळं इथे कशाला, असं कुणी विचारेल. बोआ आता आपल्या शहरांतल्या घरांतही आहेत. २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करणं, त्यांना झालेली पिल्लं कळवणं बंधनकारक आहे. आणि आपलं मांडूळ? गुप्तधनाच्या भाकडकथांपायी ते वजनावर विकलं जातं. उद्या एखादं फिकट मांडूळ निघालं आणि त्याला ‘मॉर्फ’चं, म्हणजे बाजारातल्या खास रंगप्रकाराचं, नाव चिकटलं, तर तस्करांना आणखी एक निमित्त मिळेल.

म्हणून सर्पमित्रांना माझं एवढंच सांगणं. बचावकार्यात वेगळ्या रंगाचा, वेगळ्या नक्षीचा साप हाती आला तर फोटो घ्या, तारीख, ठिकाण, लांबी वहीत लिहा, वनविभागाला कळवा आणि साप जिथला तिथेच सोडा. वही जपून ठेवा, अभ्यासकाला दाखवा. ठिकाण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.