लक्ष्मीबाई टिळकांचे धर्मांतर
(भीमाशंकर परिसरातील बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभेस आंबेगाव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबे आलेली आहेत. त्यांपैकी काहींनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. अशा प्रसंगी भगवान बुद्धांच्या किंवा बाबासाहेबांच्या चरित्रातील काही ऐकावयास मिळेल अशी तुमची अपेक्षा असणार. मी मात्र आज एका ख्रिस्ती पाळकाच्या पत्नीविषयी बोलणार आहे. ही बाई जन्माने ब्राह्मण. तिचा आपला संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच होय. संबंध इतकाच, की घरातील पुरुषाने धर्म बदलला आणि बायको जुन्याच धर्मात राहिली म्हणजे त्या घराचे काय होते, याची इतकी प्रामाणिक हकीकत मराठीत मला दुसरी ठाऊक नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. वडिलांचे सोवळे पराकोटीचे. १८५७ च्या बंडात त्यांच्या सासऱ्यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्यानंतर हे सोवळे वाढत वाढत वेडाच्या सीमेला जाऊन पोहोचले. बाहेरचा स्पर्श म्हणजे विटाळ आणि विटाळ म्हणजे अनर्थ, हीच त्या घरातील पोरीबाळींची पहिली शिकवण. आपल्याला ज्या शिवाशिवीने पिढ्यान्‌पिढ्या जाळले, ती त्या घराच्या आतल्या बाजूसही बायकामुलांना भाजीत होती. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे लिहिले, पण रडून नव्हे. त्यांनी ते हसत हसत लिहिले आहे, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते, आणि संसाराच्या दृष्टीने बिनभरवशाचे होते. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळी माहेरच्या माणसांत, पदरी लहान मुलगा दत्तू. तिचे मत कोणी विचारले नव्हते. एका पुरुषाला सत्य गवसले, आणि त्याच क्षणी एक बाई नवरा जिवंत असताना विधवेसारखी झाली. टिळकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु हा हिशेब त्यांच्या नावावर मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कायद्याची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. त्याअन्वये ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतराच्या कारणास्तव त्याच्याबरोबर नांदावयास तयार नसेल, तर न्यायालयात जाऊन तो विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी तसे केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पाच वर्षांच्या आसपास हा वियोग चालला. लक्ष्मीबाई या काळात नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरासही. तुमच्या या डोंगरात उगम पावणारी भीमाच तेथे चंद्रभागा होते. येथे झऱ्यावर तोंड लावून पिणाऱ्याला ती जात विचारीत नाही; तेथे तिच्याच काठी चोखोबांना मंदिराच्या पायरीखाली जागा मिळाली.

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याजवळ अहमदनगरला गेल्या. गेल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरकडे १८३१ पासून चालले होते, आणि तिकडील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग समाजातून आलेला. म्हणजे शेजारी कोण, तर आपलीच माणसे. त्यांच्यामध्ये ही बाई आपला हंडा जपून राहत होती. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आणि मग राहुरीच्या मुक्कामात तो दिवस आला, किंवा खरे म्हणजे ती रात्र आली. जातीचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. ह्या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या शरीरात काही फरक ठेवला असता. तसा तो कोठेच दिसत नाही. कोणी ग्रंथ दाखविला नाही, कोणी उपदेश केला नाही. जेमतेम लिहावाचावयास शिकलेल्या बाईने स्वतःच्या बुद्धीने हा निकाल काढला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी जात गेली, मग धर्म बदलला. पुष्कळांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते: धर्म बदलतो, आणि जात नव्या घरात पाहुणी म्हणून येऊन मालकीण होऊन बसते.

बाबासाहेबांनी हे स्पष्ट पाहिले होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लेखन केले आहे, आणि चर्चमध्येही जातीचे भेद उरले, हे त्यांनी परखडपणे मांडले आहे. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, त्याचे ऋण कोणी नाकारू नये; पण शाळा काढणे निराळे आणि सोयरीक जुळविणे निराळे. कायद्याच्या बाबतीतही या समाजाची परवड झाली. अनुसूचित जातींच्या सवलती १९५६ नंतर बौद्धांना केंद्राकडून नाकारल्या गेल्या, त्या १९९० साली मिळाल्या. महार-मांगांतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या अजूनही नाहीत.

लक्ष्मीबाईंच्या चरित्राविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यात त्यांच्या त्यागाची स्तुती असते: ब्राह्मणपण सोडले, आप्त सोडले, सोवळे सोडले. स्तुती योग्य आहे. पण ज्यांनी तिला आपल्यात घेतले त्यांचे काय? ज्या बायकांच्या सावलीपासून तिच्या माहेरने अंग चोरले असते, त्याच बायकांनी तिला हातचे पाणी दिले. आजपर्यंत आमचा विटाळ मानलास, आता कशाला आलीस, असे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. ह्या बायकांची नावे कोणी नोंदली नाहीत. मला विचाराल तर राहुरीच्या त्या घटनेतील मोठेपणाचा अर्धा वाटा त्यांचा आहे.

पुढचे आयुष्य मात्र कामाचे. टिळक पाळक झाले, आणि पाळकाची बायको म्हणजे बिनपगारी पाळकच. दुष्काळात आणि प्लेगात अनाथ झालेल्या मुलांना घरात घेणे, कोणाचे बाळंतपण, कोणाचे आजारपण, नवऱ्याने वाटून टाकलेल्या पैशांत महिना काढणे, हे सारे त्यांच्याकडे. टिळक प्रवचन करीत तेव्हा श्रोते डोलत. घरी पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाई पाहत. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, त्यात परदेशी मिशनवर अवलंबून न राहता या देशाच्या रीतीने ख्रिस्ताची भक्ती करावी असा विचार होता. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे आत्मचरित्र मराठी गद्यातील पहिल्या प्रतीचा ग्रंथ मानले जाते.

लिहिल्यामुळे काय होते ते नाशिकलाच दिसते. जलालपुरापासून फार दूर नसलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत, अरबांच्या गुलामवाहू गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले व मुली ठेवीत असत. नाशकाच्या मातीत ही मुले सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरे शिकली. त्यांतील विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे १८६४ साली मोंबासाजवळ राबाई येथे धर्मकार्यास गेले आणि १८८५ साली त्यांना चर्चची दीक्षा मिळाली. एकाच चर्चमध्ये काळ्या पाळकाला गोऱ्यापेक्षा कमी लेखतात, म्हणून जोन्स पुढे भांडलेही. अशा आफ्रिकन पाळकांच्या घरी ज्या बायका होत्या, त्यांनीही गुलामगिरी पाहिली, समुद्र ओलांडला, परक्या धर्मात नवे घर मांडले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' कोठे आहे? कोणी त्यांच्या हाती कागद दिला नाही.

आपल्याकडे तो कागद उशिरा का होईना हाती आला. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही पुस्तके १९८६ साली निघाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतील बायकांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला.

जुन्नरजवळ मानमोडीच्या डोंगरात जो लेणीसमूह आहे, त्यातील एका गटाला भीमाशंकर असेच नाव आहे. तेथील शिलालेखात नहपान राजाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान दिल्याचे कोरले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. ज्या डोंगरात आपल्या पूर्वकालीन संघाला पाणी हे दान म्हणून मिळाले, त्याच मुलखात पुढे पाणी हे विटाळाचे माप झाले, आणि १९२७ साली महाडला एक ओंजळ पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

म्हणून दीक्षा घेतलेल्या बंधूंना माझे एक विचारणे आहे. देव्हाऱ्यातील देव कोणी उचलले? तुम्ही एकट्याने, की घरातील बाईने आपल्या हाताने? बावीस प्रतिज्ञा तिला कोणी समजावून दिल्या काय, की नुसत्या मागून म्हणावयास लावल्या? तिच्या मनात अजून एखादे व्रत, एखादे भय शिल्लक असेल, तर तिच्यावर ओरडू नका. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, आणि त्यानंतरही एक रात्र लागली. तसेच आपल्यापेक्षा खालची मानलेली एखादी जात अजून आपल्या बोलण्यात असेल, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ती आठवत असेल, तर आपलाही हंडा अजून वेगळाच आहे असे समजावे.

'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आजही दुकानात मिळते. ज्या मुलींना वाचता येते त्यांनी ते संध्याकाळी घरातील आजीला मोठ्याने वाचून दाखवावे. पुस्तक मोठे आहे, पण राहुरीच्या दिवसांपासून सुरुवात केली तरी चालेल.

जय भीम.