लोहार, विंचीकर आणि फिनबोगीची मुलगी

(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी मंडळाच्या मंडपात झालेले भाषण)



मी डिप्लोमावाला माणूस, भाषाशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण रेल्वेत नोकरी करायची म्हणजे युरोपियन नावांशी रोजची गाठ. इंजिन म्हटले की स्टीफन्सन, वाफ म्हटली की वॉट, आणि हजेरीपटावर फर्नांडिस, परेरा. ही नावे आली कुठून, हे वाचत बसण्याचा मला छंद आहे. तो आपल्या सेक्रेटरींना कळला आणि त्यांनी मला इथे उभे केले.

स्टीफन्सन म्हणजे सरळसरळ स्टीफनचा मुलगा. स्टीफन हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ मुकुट. वॉट हे वॉल्टरचे लाडके रूप, जसा आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो. जॉर्ज म्हणजे शेतकरी, फिलिप म्हणजे घोड्यांची आवड असलेला, मार्गारेट म्हणजे मोती. थिओडोर आणि आपला देवदत्त यांचा अर्थ तर अगदी एकच. नावे परकी वाटतात, पण आईबापांच्या मनातले सगळीकडे सारखेच.

आता आडनावे. आपल्या स्मिथी शॉपमधल्या मंडळींनी जरा कान द्यावा. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, फ्रेंचांचा लफेव्र, पोलंडचा कोवाल्स्की, हंगेरीचा कोवाच, एस्टोनियाचा सेप हे सगळे लोहार. इटलीतला लोहार म्हणजे फेरारी! ज्या लाल मोटारीचे पोस्टर आमच्या चिरंजिवांनी कपाटावर चिकटवले आहे, ती मोटार लोहाराची. गावोगावी भाता होता, नांगराचा फाळ आणि घोड्याचा नाल त्याच्याशिवाय होत नव्हता, म्हणून हे आडनाव युरोपभर पसरले. वॅग्नर हा गाड्या बनवणारा, म्हणजे आम्हा वॅगनवाल्यांचा भाऊबंदच. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर लावतात. इथल्या आपल्या तेलुगू सहकाऱ्यांना त्यात काहीच नवल वाटणार नाही.

गावावरून आडनाव ही तर आपली खास मराठी तऱ्हा, असे आपण समजतो. पण अणुबॉम्बवाले ओपेनहायमर म्हणजे ओपेनहाइमकर. जर्मनीचे चान्सेलर आडेनॉवर म्हणजे आडेनाउकर. आणि लिओनार्दो दा विंची? विंची गावचा, विंचीकर!

मला मात्र खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. ही आडनावे पूर्वी वाहती होती. डेन्मार्कमध्ये येन्सचा मुलगा हान्स असेल तर तो हान्स येन्सेन, त्याचा मुलगा पेडर असेल तर तो पेडर हान्सेन. पिढी बदलली की शेवटचे नावही बदलायचे. १८२८ साली सरकारने फर्मान काढले की घराण्याला एकच कायमचे आडनाव हवे. अंमल व्हायला बराच काळ लागला, पण ज्या पिढीत नोंद पक्की झाली तिथे नाव गोठले. आजही निल्सेन, येन्सेन आणि हान्सेन यांनी डेन्मार्क भरलेला आहे. ऑस्ट्रियात सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये ज्यू प्रजेवर जर्मन आडनावे घेण्याची सक्ती केली. म्हणजे आपण ज्याला कुळाची खूण म्हणतो, ती पुष्कळदा कारकुनाच्या दौतीतून उतरलेली असते.

गोव्याचेच घ्या. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, परेरा म्हणजे नासपतीचे झाड. पण गोव्यातले सगळे फर्नांडिस काही पोर्तुगालहून जहाजातून उतरले नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळायचे. ज्याला ते मिळाले त्याचे आजोबा इथलेच, भात पेरणारे. तेव्हा एखाद्या सहकाऱ्याला आडनावावरून चेष्टेत ‘फिरंगी’ म्हणण्याची जी सवय शॉपमध्ये आहे, ती मला पसंत नाही, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगतो आहे.

भगिनींनो, आता तुमच्याकडे वळतो. बॅक्स्टर आणि वेब्स्टर ही इंग्रजी आडनावे मुळात पाव भाजणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या बायकांसाठीच्या शब्दांतून आली. म्हणजे बाईच्या कामाचेही आडनाव होत होते. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना आडनाव नाही. मुलगा अमक्याचा सोन, मुलगी अमक्याची दोत्तिर. १९८० साली तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या बाई विग्दिस फिनबोगादोत्तिर, म्हणजे फिनबोगींची मुलगी विग्दिस. लग्नानंतर तिथे नाव बदलत नाहीत, कारण बाप काही बदलत नाही. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे, एक वडिलांकडचे, एक आईकडचे. पाब्लो रुइझ पिकासो यातले रुइझ वडिलांचे आणि पिकासो आईचे. जग त्यांना ओळखते ते आईच्या नावाने.

आणि आपल्याकडे? आमच्या सौ.च्या मॅट्रिकच्या दाखल्यावर एक नाव, रेल्वेच्या पासवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे. लग्नात तांदळावर अंगठीने नाव लिहिताना सगळ्यांनी कौतुक केले. पुढे ‘या तिन्ही बाया एकच’ हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र घेऊन एका कार्यालयात चार हेलपाटे घातले, ते तिनेच. विग्दिसबाईंना अशी वेळ आली नसती.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. निर्णय मला योग्य वाटतो. पण आपण राहतो खरगपूरला. आपल्या नातवंडांच्या जन्माची नोंद इथे होते, तो नियम इथे लागू नाही. घरात पाळणा हलला की फॉर्म भरायला आपणच जाणार, आणि कॉलनीतल्या कुणाला त्या वेळी आइसलँडची किंवा स्पेनची आठवण झाली तर माझे क्वार्टर पाण्याच्या टाकीजवळ आहे, जरूर यावे.

आरतीची वेळ झाली, ताटे तयार दिसताहेत. मी थांबतो.