मूल कोणाशी बोलणार?

(भाषा-शिक्षकांच्या सोलापूर येथील संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाची पहिली दहा मिनिटं आभारांत जावीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. ती दहा मिनिटं मी विषयाला देते. ज्यांनी मला बोलावलं त्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. ते रागावणार नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी एका मुख्याध्यापकांनी मला गाठलं. म्हणाले, "मॅडम, पत्रिकेत कॅनडातल्या फ्रेंच शाळांचं सत्र कशाला? आमच्या सहावीच्या पोरांना दूरशिक्षणात इंग्रजीचं एक वाक्य बोलता आलं नाही, त्याचं बोला की." प्रश्न रास्त आहे. पण त्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर कॅनडात पडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या काही पालकांनी शाळेच्या मागे लागून एक वर्ग सुरू करून घेतला. मुलांच्या घरी इंग्रजी, गल्लीत इंग्रजी. पण वर्गात पाऊल टाकलं की बाई फ्रेंचमधूनच बोलणार. पुढे गणित, भूगोल असे विषयही फ्रेंचमधून. या पद्धतीला तिकडे इमर्शन म्हणतात. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. मुलांचं इंग्रजी बुडालं नाही आणि फ्रेंच पुष्कळ आलं, हे दिसल्यावर ही पद्धत कॅनडाभर पसरली. ऑन्टारियो प्रांतात इमर्शनच्या मुलाला आठवी संपेपर्यंत किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळावं, असा दंडक आहे. नुसता विषय म्हणून फ्रेंच शिकणाऱ्याला ६०० तास.

आता आपल्या पूर्व भागात या. मागावर काम करणाऱ्या पद्मशाली कुटुंबातलं मूल घरी तेलुगू बोलतं. शाळेत मराठी. गल्लीत हिंदी आणि दखनी. पाचवीत सेमी-इंग्रजीचा वर्ग मिळाला की गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अक्कलकोटकडच्या कितीतरी घरांत तेलुगूच्या जागी कन्नड. म्हणजे कॅनडातल्या पालकांनी प्रयोग म्हणून जे मागून घेतलं, ते आपल्या मुलांच्या वाट्याला न मागता आलं आहे. इंग्रजी तर राज्यात २००० सालापासून पहिलीलाच आहे.

फरक मोठा आहे आणि तो झाकून चालणार नाही. तिकडचं मूल बहुसंख्याकांची भाषा घेऊन येतं. ती भाषा त्याच्या हातून जाण्याचं भय नसतं. बाईंना त्याची भाषा येते. मूल पहिल्या वर्षी इंग्रजीत बोललं तरी बाईंना कळतं, त्या उत्तर मात्र फ्रेंचमधून देतात. आपल्याकडे पहिलीतल्या तेलुगू मुलाने 'नीळ्ळू' म्हणून पाणी मागितलं तर किती शाळांत ते पहिल्या हाकेला कळेल, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते. आणि सेमी-इंग्रजीचा तास कसा चालतो ते या सभागृहात मी सांगायला नको. पुस्तकातलं वाक्य इंग्रजीत वाचायचं, समजावायचं मराठीत, उत्तर फळ्यावर इंग्रजीत लिहून द्यायचं, मुलांनी ते उतरवून घ्यायचं. इंग्रजी बोलण्याची वेळ कोणावरच येत नाही. शिक्षकावरही नाही.

इमर्शनचं कौतुक होत असतानाच टोरांटोच्या मेरिल स्वेन या विदुषीने एक अडचणीचं निरीक्षण मांडलं. १९८५चा त्यांचा लेख भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. सहावीपर्यंत पोहोचलेली इमर्शनची मुलं फ्रेंच ऐकून समजून घेण्यात फ्रेंच घरातल्या मुलांच्या जवळपास होती. बोलण्यात मात्र बरीच मागे. एवढी वर्षं कानावर फ्रेंच पडूनही असं का? स्वेन यांचं म्हणणं असं की मुलांना वर्गात लांब बोलावंच लागत नव्हतं. बाई विचारणार, मूल एका शब्दात उत्तर देणार, बाई 'छान' म्हणून पुढे जाणार. ऐकताना काही शब्द निसटले तरी अर्थ लागतो. बोलताना तसं चालत नाही. क्रियापद कुठलं, काळ कुठला, आधी काय सांगायचं, हे ठरवावंच लागतं. ते ठरवण्याच्या धडपडीत भाषा पक्की होते.

हे झालं वर्ग भरत असतानाचं. मार्च २०२०मध्ये वर्ग बंद झाले आणि उरलंसुरलं बोलणंही गेलं.

त्या काळात आपण हातपाय गाळून बसलो नव्हतो. नीलमनगरात आशा मराठी विद्यालय आणि धर्मण्णा सादूल प्रशालेच्या शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण कापड धंद्यातल्या कामगारांच्या घरी प्रत्येक मुलाच्या हाती स्मार्टफोन कुठून येणार? सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. तिच्यात घरातल्या वस्तू घेऊन घरच्या माणसांबरोबर करायच्या कृती असत. आणि माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना त्याच वर्षी ३ डिसेंबरला दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड हे त्यांचं काम आपण सगळे जाणतो.

या तिन्हींबद्दल आदर ठेवून मी एक भेद करते. क्यूआर कोडने कवितेचा आवाज मुलापर्यंत येतो. मुलाचा आवाज परत कुठे जात नाही. डिसले गुरुजींच्या कामाचा मला जास्त मोलाचा वाटणारा भाग दुसराच आहे, ज्याची चर्चा कमी झाली: दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी आपल्या मुलांना पडद्यावर समोरासमोर बसवणं. तिथे पलीकडचं मूल खरंच काही विचारतं, त्याला उत्तर द्यावं लागतं. दूरदर्शन मात्र क्यूआर कोडसारखंच एकतर्फी. शेजारच्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतल्या खेड्यांत १९७५-७६ साली 'साइट' प्रकल्पातून उपग्रहावरून कन्नड कार्यक्रम दाखवले गेले. तेव्हापासून आपलं दूरशिक्षण एका दिशेनेच वाहत आलं आहे. नीलमनगरची भिंत मात्र मला मोबाइलपेक्षा उजवी वाटते. भिंतीसमोर उभं राहिलेलं मूल एकटं नसतं, ओट्यावर बसलेली आजी विचारते, "काय लिवलंय रं त्यात?" आणि मुलाला तोंड उघडावं लागतं.

भाषा गरजेने कशी येते याचं उदाहरण पाहायला फार लांब जायला नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा चिनी भाषा त्यांना येत नव्हती. १९४२मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. तोवर ते चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून वैद्यक शिकवत होते. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं, म्हणजे एका कॅनडियन डॉक्टरचं. कॅनडा काही आपल्याला अगदीच परका नाही, हे मी त्या मुख्याध्यापकांना सांगणार आहे! कोटणिसांसमोर रोज जखमी माणूस येत होता, आणि दुखतंय कुठं हे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तेव्हा दूरशिक्षणातला कोणताही उपक्रम समोर आला की मी एकच विचारते. यात मूल बोलणार आहे का, आणि ज्याला ते सांगणार आहे त्याला ती गोष्ट आधीपासून ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ते पाठांतर झालं. 'माय फॅमिली'वर दहा ओळी बोलून व्हिडिओ पाठवा, हा उपक्रम मी बाद करते. त्या दहा ओळी बाईंनाही पाठ असतात.

याउलट कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या मुलीला सांगा, आईला विडी वळताना पाहा आणि तिला विचारा: पान आधी भिजवतात की आधी कापतात? तंबाखू किती घालायची हे हाताला कसं कळतं? ही बोलणी तेलुगूत होऊ द्या. आईला मराठीत बोलायला लावू नका. मग मुलीने ते सगळं इंग्रजीत एका मिनिटात, व्हॉइस मेसेजवर, दुसऱ्या शाळेतल्या मुलाला सांगायचं. तो पंढरपूरचा असेल तर त्याने विडी वळताना पाहिलेली नसण्याची शक्यता फार. तो उलट विचारणार. त्याने बुक्का आणि चुरमुऱ्याच्या दुकानाचं सांगायचं. शब्द अडणारच. अडले की मुलीने 'द थिंग यू कट लीव्हज विथ' असं म्हणून कात्री गाठली, तर तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला धडा आहे. कात्रीचा इंग्रजी शब्द तिला उद्या कोणीही सांगेल.

दुसरा उपक्रम त्याहून सोपा. दोन मुलांना सिद्धेश्वर मंदिराच्या परिसराचे दोन अर्धे नकाशे द्या, एकाच्या नकाशात जे आहे ते दुसऱ्याच्या नकाशात नाही. फोनवर बोलून दोघांनी आपापला नकाशा पुरा करायचा. साधा बटणांचा फोन पुरतो. चित्र पाठवायचं नाही हाच नियम, त्यामुळे स्मार्टफोन नसणं इथे उलट उपयोगी पडतं. शेंगाची चटणी कशी कुटायची हे सांगणंही चालेल, पण ऐकणाऱ्याने ती खरंच करून पाहिली पाहिजे. मीठ सांगायचं राहिलं तर ते जिभेलाच कळतं, बाईंनी लाल शाई वापरायची गरज पडत नाही.

तुम्ही म्हणाल, साठ पोरांचे एकेक मिनिटाचे मेसेज ऐकायचे म्हणजे रोज एक तास गेला, शिवाय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. खरं आहे. म्हणून ते सगळे बाईंनी ऐकूच नयेत. ऐकणारं मूल वेगळं आहे, त्याला काय कळलं हे त्याने दोन ओळींत लिहायचं, बाईंनी त्या दोन ओळी पाहायच्या आणि आठवड्यात पाच-सहा मुलांचे आवाज आळीपाळीने ऐकायचे. भाषेच्या गुणांची काळजी करणाऱ्यांना सांगते, हे सगळं तोंडी कामाच्या नोंदीत बसतं.

चुकांबद्दल दोन शब्द. आम्हा सोलापूरकरांच्या मराठीत कन्नड आणि तेलुगू इतकी मिसळली आहे की 'काय करायलास बे' ऐकून पुण्यातला पाहुणा गडबडतो. इथल्या तेलुगू मुलाने मराठीत लिंग चुकवलं तर पहिल्याच वाक्याला अडवू नका. पूर्ण सांगू द्या. त्याचं सांगणं झाल्यावर तेच वाक्य आपण नीट म्हणून दाखवा आणि पुढचा प्रश्न विचारा. पाचवी ते आठवी हे वय फार नाजूक असतं. या वयात मुलांना आपला आवाज आवडेनासा होतो. रेकॉर्ड केलेला तर अजिबातच नाही. एखादी मुलगी आवाज पाठवत नसेल तर तिला फक्त एका मैत्रिणीला पाठवू द्या, गटावर टाकायची सक्ती नको.

आणखी एक. दूरशिक्षण करोनाबरोबर संपलं असं मानणाऱ्यांनी गळीत हंगामात आपल्या साखर कारखान्यांच्या आवारातल्या कोप्या पाहाव्यात. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर आलेली मुलं दिवाळीनंतर कित्येक महिने आपल्या शाळेपासून दूर असतात, आणि दरवर्षी असतात. त्यांच्या गुरुजींच्या फोनवर त्यांचा आवाज आठवड्यातून एकदा पोहोचला, तरी शाळेशी धागा राहतो. ती मुलं फडातलं जे सांगतील ते वर्गात बसलेल्या कोणालाही माहीत नसतं.

आता कामाचं. जेवणानंतरच्या सत्रात प्रत्येक तालुक्याने आपल्या शेजारच्या नव्हे तर दूरच्या तालुक्यातली एक शाळा जोडीदार म्हणून निवडायची आहे. करमाळ्याने अक्कलकोट घ्यावं, सांगोल्याने बार्शी. निवड करताना मुलांच्या घरच्या भाषा वेगळ्या असतील असं पाहा. वहीत तीनच गोष्टी लिहा: वर्ग, किती मुलांच्या घरी साधा फोन आहे, आणि त्यांच्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा. तिसरा रकाना भरताना अंदाजाने लिहू नका. उद्या शाळेत जाऊन मुलांनाच विचारा आणि शनिवारपर्यंत संयोजकांकडे पाठवा. जोड्या लागल्या की पहिला फोन सोमवारी, शाळा सुटल्यावर.